चक्रांग आणि भुवई बदक : लक्षणाची कसोटी

दसऱ्याचें सोनें लुटून झालें आणि पहांटेच्या हवेंत किंचित् गारठा जाणवूं लागला, म्हणजे आपल्याकडील मोठ्या जलाशयांवर उत्तरेकडचे पाहुणे उतरूं लागतात. भीमेवरील उजनीचें पाणी, पैठणचा नाथसागर, निफाड तालुक्यांतील नांदूर मधमेश्वर, या ठिकाणीं मार्गशीर्ष-पौषांत बदकांचे थवेच्या थवे पाण्यावर विसावलेले दिसतात. महाराष्ट्र शासनानें इ. स. २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी-सप्ताह ठरविला आहे. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालीम अली यांचा १२ नोव्हेंबर, म्हणून हे दिवस निवडले गेले. त्या आठवड्यांत पुष्कळ घरांतील मुलें गळ्यांत दुर्बीण अडकवून पाण्याकांठीं जातात, आणि घरीं परततांना वहींत नांवें व आंकडे घेऊन येतात. हा मोठा आनंदाचा भाग आहे. परंतु या वह्यांत ज्या दोन पक्ष्यांची सरमिसळ सर्वांत अधिक होते, त्यांची नीट ओळख करून द्यावी, या हेतूनें आजचा लेख लिहीत आहों.

हे दोन पक्षी म्हणजे चक्रांग आणि भुवई बदक. इंग्रज लोक पहिल्याला टील म्हणतात व दुसऱ्याला गार्गनी. चक्रांग हा शब्द आमच्या संस्कृतज्ञ वाचकांना परिचित वाटेल; अमरकोशांत तो हंसाच्या पर्यायांत आलेला आहे. मराठींत मात्र हें भारदस्त नांव आपल्याकडे हिवाळ्यांत येणाऱ्या परदेशी बदकांतील सर्वांत लहान बदकाला मिळालें आहे. थोरल्या घराण्याचें आडनांव एखाद्या चिमुकल्या पोरानें लावावें, तसाच हा प्रकार! भुवई बदकाचें नांव मात्र अगदीं रोखठोक आहे. नराच्या डोळ्यावर पांढरी शुभ्र भुवई असते, म्हणून तें भुवई बदक.

आतां ओळखण्याचा विषय निघाला, तेव्हां थोडें न्यायशास्त्राकडे वळल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. तर्कसंग्रह शिकवितांना शास्त्रीबोवा विद्यार्थ्यांपुढें प्रथम गाय उभी करीत. गाईचें लक्षण सांगा. कोणी म्हणे, जिचा वर्ण कपिल ती गाय. मग पांढरी गाय बाहेरच राहते; हा अव्याप्तीचा दोष. कोणी म्हणे, जिला शिंगें ती गाय. मग म्हैस हि आंत शिरते. हा अतिव्याप्तीचा दोष. कोणी म्हणे, जिचा खूर अखंड ती गाय. असा खूर एकाहि गाईला नसतो, हा असंभव. शेवटीं गळ्याखालीं लोंबणारी पोळी, जिला सास्ना म्हणतात, तेवढें लक्षण टिकतें. कारण तें प्रत्येक गाईला असतें आणि गाईवांचून दुसऱ्या कोणाला नसतें. पाण्यावरच्या पक्ष्याला नांव देतांना हि हीच कसोटी लावावी लागते. पाठशाळेंत शिकलेली विद्या तळ्याकांठीं अशी कामास येते, हें पाहून आम्हांला मोठें समाधान वाटतें.

प्रथम सोपा भाग पाहूं. नर पूर्ण पोषाखांत असतील, तर लहान मूल हि दोहोंतील भेद सांगेल. चक्रांगाच्या नराचें डोकें गडद तांबूस. त्यावर डोळ्यापासून मानेपर्यंत हिरवा पट्टा, आणि त्या पट्ट्याला बारीक पिंवळसर किनार. अंग राखी. दुरून पाहिलें तर पाठीच्या कडेनें एक आडवी पांढरी रेघ दिसते, आणि शेपटीखालीं दोन्ही बाजूंस काळ्या चौकटींत बसविल्यासारखें फिकट पिंवळें त्रिकोणी ठिगळ. भुवई बदकाच्या नराचें डोकें व छाती तपकिरी, कुशी फिकट राखी, आणि डोळ्यावरून निघून मानेच्या मागें उतरत गेलेली ती रुंद पांढरी भुवई. खांद्यावरून काळीं-पांढरीं लांब पिसें खालीं ओघळलेलीं असतात. तो उडाला म्हणजे पंखाचा पुढचा भाग निळसर राखी चमकतो. हे दोघे शेजारीं पोहत असले, तर घोटाळा होण्याचें कांहींच कारण नाहीं.

घोटाळा होतो तो निराळ्याच कारणानें. विणीचा हंगाम संपला कीं बदकांचे नर आपला भरजरी पोषाख उतरवून ठेवतात. त्याच सुमारास पंखांतील उडण्याचीं पिसें एकदम गळतात, आणि तीन-चार आठवडे त्यांना उडतां येत नाहीं. अशा असहाय स्थितींत भडक रंग मिरविणें म्हणजे शत्रूला आमंत्रण देणें होय. म्हणून नर मादीसारखा मातकट वेष घेतात आणि लव्हाळ्यांत दडून राहतात. विराटाच्या घरीं अर्जुनानें बृहन्नडेचा वेष घेतला होता, तसाच हा निसर्गानें लावून दिलेला अज्ञातवास. चक्रांगाचा नर यांतून लौकर बाहेर पडतो. कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास तो बहुधा पुन्हां नटलेला असतो. भुवई बदकाचा नर मात्र फार रेंगाळतो. कित्येक नर माघ-फाल्गुन येईपर्यंत त्याच साध्या वेषांत असतात.

याचा परिणाम लक्षांत घ्यावा. भुवई बदकें हिवाळी पाहुण्यांत सर्वांच्या आधीं येणारांपैकीं आहेत. गणपतीच्या दिवसांत हि त्यांची पहिली टोळी एखाद्या तळ्यावर दिसते. पण त्या वेळीं त्यांच्यांत एकाहि पक्ष्याला ठळक भुवई नसते. पक्षी-सप्ताहांत, इतकेंच नव्हे तर संक्रांतीच्या सुमारास सुद्धां, थव्यांतील बहुतेक पक्षी मातकट तपकिरी असतात. मुलानें पुस्तकांतील चित्र पाहिलेलें असतें पांढऱ्या भुवईचें. समोर तसें कांहींच दिसत नाहीं. मग तें निःशंकपणें लिहून टाकतें, ‘चक्रांग’.

हीं प्रचलित लक्षणें आतां एकेक करून कसोटीवर घासून पाहूं. पहिलें लक्षण पांढरी भुवई. ती मादीला तशी नसते, आणि वेष उतरविलेल्या नराला हि नसते, म्हणजे अव्याप्ति. दुसरें लक्षण पंखावरील हिरवा आरसा. चक्रांगाच्या पंखावर हिरवी झळक असते हें खरें, पण भुवई बदकाच्या नराच्या पंखावर हि ती असते, म्हणजे अतिव्याप्ति. तिसरें लक्षण आकार. चक्रांगाची लांबी ३४ ते ३८ सेंटिमीटर, भुवई बदकाची ३७ ते ४१. दोन्ही मापें एकमेकांत शिरलेलीं आहेत, आणि मधला फरक दोन-तीन बोटांचा. शंभर वावांवरून, लाटांवर वरखालीं होणाऱ्या पक्ष्याच्या बाबतींत दोन बोटें कोण मोजणार? चौथें लक्षण सोबत. ‘बाकीचे चक्रांग आहेत, त्या अर्थीं हा हि चक्रांगच.’ हें तर लक्षणच नव्हे. हे दोन्ही पक्षी उथळ पाण्यांत, चिखलाच्या कडेला, एकाच थव्यांत मिसळून बसतात. पंगतीला बसलेले सर्व एकाच गोत्राचे असतात, असें कोण म्हणेल?

मग टिकणारें लक्षण कोणतें? आमचें उत्तर असें कीं, प्रथम चेहरा पाहावा. भुवई बदकाच्या मादीच्या चेहऱ्यावर रेघा असतात. डोळ्यावर फिकट रेघ, डोळ्यांतून जाणारी गडद रेघ, तिच्याखालीं पुन्हां फिकट, आणि गालावरून जाणारी आणखी एक गडद छटा. शिवाय चोंचीच्या मुळाशीं एक फिकट ठिपका, आणि गळा पांढुरका. चक्रांगाच्या मादीचा चेहरा त्या मानानें सपाट; डोळ्यांतून जाणारी एक गडद रेघ सोडली तर बाकी सारें एकसारखें. मात्र एखाद्या चक्रांगाच्या चोंचीपाशीं हि पुसटसा ठिपका असूं शकतो, म्हणून केवळ ठिपक्यावर निकाल देऊं नये.

चेहऱ्यानंतर चोंच. चक्रांगाची चोंच लहान व नाजूक, आणि मादीच्या चोंचीच्या मुळाशीं पिंवळसर-नारिंगी छटा बहुधा दिसते. भुवई बदकाची चोंच थोडी लांब, जाड आणि सरसहा राखी. त्यानंतर शेपटीची कड. चक्रांगाच्या मादीच्या शेपटीच्या बाजूनें एक फिकट, जवळजवळ पांढरी रेघ जाते. मादी चोंच पिसांत खुपसून झोंपलेली असली, चेहरा दिसत नसला, तरी ही रेघ बहुधा दिसते. म्हणून ती फार उपयोगाची. भुवई बदकांत ती नसते.

थवा उडाला तर पंख पाहावे. पंखावरील आरशाच्या पुढें व मागें पांढरी पट्टी असते. चक्रांगांत पुढची पट्टी रुंद आणि मागची बारीक. भुवई बदकाच्या नरांत दोन्ही पट्ट्या सारख्या ठळक. मादींत आरसा मळकट आणि मागची पट्टी अधिक रुंद. आणि येथेंच अज्ञातवासांतला अर्जुन सांपडतो! बृहन्नडेनें हातांत शंखाच्या बांगड्या भरल्या, त्या धनुष्याच्या दोरीचे घट्टे झांकण्यासाठीं. वेष पालटला तरी घट्टे गेले नव्हते. भुवई बदकाचा नर मादीचा वेष घेतो, पण त्याच्या पंखाचा पुढचा निळसर-राखी भाग कायम राहतो. बसलेला असतां तो झांकलेला असतो. उडतांक्षणींच उघडा पडतो.

राहतां राहिला आवाज. चक्रांगाचा नर आंखूड, किणकिणती शीळ घालतो. भुवई बदकाचा नर कोरडा खरखर आवाज काढतो. लांकडी फणीच्या दात्यांवरून नख फिरवून पाहावें, म्हणजे तो कसा असेल याची कल्पना येईल. अर्थात् आपल्याकडे हिवाळ्यांत तो आवाज फारसा ऐकूं येत नाहीं. परतीचे दिवस जवळ आले म्हणजे कोठें कोठें कानीं पडतो.

एका भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांचे दोन चिरंजीव गेल्या हिवाळ्यांत उजनीच्या कांठीं गेले होते. एकाच थव्याविषयीं थोरल्यानें वहींत लिहिलें ‘चक्रांग, ६०’; धाकट्यानें लिहिलें ‘भुवई बदक, ६०’. घरीं येईपर्यंत दोघांत अबोला. तेव्हां आईनें समजूत घातली कीं, “अरे, पक्षी तो पक्षी, नांवासाठीं काय भांडतां?” परंतु मागाहून त्यांच्याच मनाला चैन पडेना. मीं सांगितलें तें योग्य झालें का, असें त्या विचारतात.

भावांतील अबोला मोडणें हें आईचें कामच आहे, आणि तें त्यांनीं केलें हें उत्तम झालें. मात्र नांवाचें काय एवढें, या प्रश्नाला आमचें उत्तर निराळें आहे. राजस्थानांत भरतपूर येथें, आज जेथें केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे तेथें, पूर्वीच्या संस्थानिकांच्या शिकारीचे शिलालेख उभे आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं तेथें व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठीं शिकार झाली, आणि त्या एका दिवसांत ४,२७३ पक्षी मारले गेले. दगडावर तारीख आहे, बंदुकांची संख्या आहे, मेलेल्यांचा आंकडा आहे. त्यांत चक्रांग किती, भुवई बदकें किती, हें त्या दगडावरून कळण्याची सोय नाहीं. पक्षी तो पक्षी, ही दृष्टि शेवटीं कोठें जाऊन पोंचते, हें तो दगड सांगतो. योगायोग असा कीं, त्याच दिवशीं सालीम अली यांना बेचाळीस वर्षें पूर्ण झालीं. आणि पुढें त्याच भरतपुरास राष्ट्रीय उद्यानाची प्रतिष्ठा मिळावी म्हणून त्यांनीं खटपट केली. १९८१ सालीं ती सफल झाली.

आज या दोन्ही पक्ष्यांची शिकार कायद्यानें बंद आहे. परंतु ज्याला बंदूक मारीत नाहीं, त्याला इतर गोष्टी मारतात. विणीच्या प्रदेशांतील ओलीं कुरणें कोरडीं होतात, वाटेवरचीं तळीं बुजतात, येथील पाण्यांत घाण सोडली जाते. यांत भुवई बदकाची स्थिति अधिक नाजूक आहे. चक्रांगांतील पुष्कळसे युरोपांतच हिवाळा काढतात. भुवई बदकें मात्र युरोप जवळजवळ संपूर्ण सोडून आफ्रिकेंत आणि आपल्या देशांत येतात. जो लांबचा प्रवास करतो, त्याच्या वाटेवरची एक धर्मशाळा मोडली तरी त्याचे हाल होतात. भुवई बदक आज नष्ट होण्याच्या मार्गावर आहे असें नव्हे. पण जगांतील त्याची संख्या घटत चालली आहे, असें पक्षिशास्त्रज्ञ मानतात.

आणि ही घट समजते कशावरून? मोजणीवरून. आपल्या देशांत १९८७ पासून दर वर्षीं जानेवारीच्या मध्यास पाणपक्ष्यांची गणना होते. ती करणारे बहुतेक जण तुमच्या-आमच्यासारखे हौशी लोक असतात. आतां गंमत पाहा. ही गणना नेमकी अशा वेळीं होते, जेव्हां भुवई बदकाचे कित्येक नर अज्ञातवासांत असतात. समजा, एखाद्या तळ्यावरचीं भुवई बदकें दर वर्षीं थोडथोडीं कमी होत आहेत आणि चक्रांग वाढत आहेत. ज्यानें सर्वांना ‘चक्रांग’ लिहिलें, त्याच्या वहींत कांहींच घडलेलें नाहीं, बेरीज तीच! एक पाहुणा कायमचा यावयाचा थांबला तरी यजमानाला पत्ता नाहीं, कारण त्यानें त्याचें नांवच कधीं विचारलें नव्हतें. भगिनींच्या दोन मुलांचें भांडण यासाठीं मोलाचें आहे. भांडूं नका, असें त्यांना जरूर सांगावें. पण नांवासाठीं भांडूं नका, असें सांगूं नये. पुन्हां जाऊन पाहा, असें सांगावें. कदाचित् थवा मिश्र असेल, आणि दोघांच्या वह्यांत अर्धें-अर्धें सत्य असेल.

येथें आणखी एक नवलाची गोष्ट सांगितली पाहिजे. लिनियस या स्वीडिश पंडितानें १७५८ सालीं या दोघांना नांवें दिलीं, तीं एकाच कुळांतलीं म्हणून. अलीकडे पक्ष्यांचीं जनुकें तपासण्याचें शास्त्र पुढें आलें, तेव्हां दिसून आलें कीं, भुवई बदकाचें जवळचें नातें चक्रांगाशीं नसून थापट्या बदकाशीं आहे. थापट्याची चोंच फावड्यासारखी पसरट. तोंडावळ्यांत कांहीं साम्य नाहीं. पण पंखाचा पुढचा निळसर भाग पाहावा. तो थापट्याला हि आहे! तोंडावळा सांगतो तें नातें खोटें, आणि पंखाखालीं झांकलेलें तें खरें. आतां शास्त्रज्ञांनीं भुवई बदकाला थापट्याच्या कुळांत नेऊन बसविलें आहे. म्हणजे आमच्या मुलांनीं ज्यांना सख्खीं भावंडें मानलें, तीं फार तर लांबचीं चुलत भावंडें निघालीं.

आतां पाहावें कसें, याविषयीं चार शब्द. सकाळीं सूर्य पाठीशीं राहील अशा बाजूस बसावें; समोरून ऊन आलें तर सर्व बदकें काळीं दिसतात. नाव थव्याजवळ नेऊं नये. उडवून लावलेला पक्षी पंख दाखवितो खरा, पण त्याची विश्रांति जाते, आणि हजारों कोस आलेल्या पाहुण्याला उठवून त्याचें कुळ विचारणें हें गृहस्थधर्मास शोभणारें नव्हे. थवा कधींतरी आपोआप उठतोच. तोंवर वाट पाहावी. प्रत्येक पक्ष्याचा चेहरा, चोंच, शेपटीची कड, या क्रमानें पाहावें. रंगापासून आरंभ करूं नये. तीन लक्षणांपैकीं दोन जुळलीं तर नांव लिहावें. न जुळलीं, तर ‘ओळखूं न आलेलीं लहान बदकें’ असें लिहून पुढें आंकडा घालावा. गणनेंत अशा नोंदीला जागा असते, आणि ती कमीपणाची नोंद नव्हे.

आम्हीं आयुष्याचीं बरींच वर्षें उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविलीं. ज्या मुलानें न येणाऱ्या प्रश्नाची जागा कोरी ठेवली, त्याला पुढें शिकवितां येत असे; कारण काय येत नाहीं हें त्याचें त्याला आणि आम्हांला हि कळत असे. ज्यानें ती जागा अटकळीनें भरली, त्याची अटकळ बरोबर आली तर अधिकच पंचाईत. तो पुढच्या वर्षीं हि अटकळच करी. पक्ष्यांच्या वहींत तर गुण देणारा कोणी नाहीं. तेथें खोटें लिहिलेलें तसेंच राहतें, आणि दहा वर्षांनीं कोणी अभ्यासू त्यावर विसंबून अनुमान काढतो. हेत्वाभास कसा जन्मतो, तर असा.

म्हणून आमची सूचना अशी कीं, या पक्षी-सप्ताहांत मुलांनीं जी वही भरली असेल, ती होळीपर्यंत जपून ठेवावी, आणि फाल्गुनांत पुन्हां त्याच पाण्यावर जावें. पुष्कळ चक्रांग तोंवर परतीच्या वाटेला लागलेले असतात. भुवई बदकें आधीं आलीं तरी मागाहून जातात; त्यांतलीं कांहीं तर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हि येथें असतात. त्या वेळीं नर पूर्ण पोषाखांत येतात, पांढरी भुवई अर्ध्या तळ्यावरून दिसते, आणि नशीब असेल तर फणीवर नख फिरविल्यासारखा तो आवाज हि ऐकूं येतो. नराशेजारीं त्याच्या माद्या असतील. त्यांचे चेहरे तेव्हां सावकाश पाहून घ्यावे, आणि नोव्हेंबरांतील पानाशीं ताडून पाहावे.